बगलेतलं तुणतुणं

माझ्या स्टुडिओच्या भिंतींना घोंगड्या लावलेल्या आहेत. काळ्या, जाड, हात लावला तर टोचणाऱ्या, मेंढीच्या लोकरीच्या अस्सल घोंगड्या. सिडकोतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. खाली झेरॉक्सवाला, शेजारी स्पर्धा परीक्षांचा क्लास, समोर रिक्षा स्टँड. एवढ्या कालव्यातही माझी आतली खोली अशी शांत असते की नवा माणूस आत आला की उगीचच कुजबुजायला लागतो. मागे एक कव्वाली गाणारे गृहस्थ रेकॉर्डिंगला आले होते. भिंतींकडे बघून म्हणाले, "बाई, ये कंबलां कायकू टांगे?" मी म्हटलं, "आवाज पीने कू." ते हसले. मग त्यांनी स्वतःचा रेकॉर्ड झालेला आवाज ऐकला आणि जाताना एका घोंगडीवरून हात फिरवून गेले. बाकीचे लोक भिंतींना फोम लावतात. लावोत बापडे. आमच्या घरी मेंढ्या होत्या.

हे मी तोऱ्यात सांगते आणि तोऱ्यातच सांगणार. लासूर स्टेशनच्या पुढच्या एका लहानशा गावातली मी धनगराची मुलगी. ध्वनिमुद्रण शिकायला पुण्याला गेले तेव्हा भावकीत कुणाला ते नीट सांगताच येईना. "पोरगी रेडू दुरुस्तीचं शिकती," असं माझी सख्खी आत्या गावभर सांगत होती. आज त्याच आत्याच्या फोनची रिंग माझ्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं भजन आहे. मैत्रिणी म्हणतात, ही सदानकदा आपलंच तुणतुणं वाजवते. म्हणू देत. यावेळी गोष्टच तुणतुण्याची आहे, आणि ते माझं नाही, अप्पांचं आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी मेंढ्या राखल्या, मी शाळेत जायला लागल्यावर कळप मोडला आणि वाळूजला एका कारखान्यात लागले. शिफ्टच्या बसनं जायचे, शिफ्टच्या बसनं यायचे. पण कळप असो की कारखाना, खंडोबाच्या जागरणाला तुणतुणं वाजवायचं त्यांनी कधी सोडलं नाही. आमच्या पंचक्रोशीत लग्न झालं की जागरण, नवस फिटला की जागरण, आणि जागरण म्हटलं की गायला तात्या आणि तुणतुण्यावर अप्पा. तात्या माझे थोरले चुलते. ही जोडी लोकांनी कधी वेगळी पाहिलेलीच नाही.

तुणतुणं ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एक लाकडी डबा, त्याच्या बुडाला ताणून बसवलेलं कातडं, बाजूला उभी काठी आणि कातड्याच्या मधोमधून निघून काठीच्या खुंटीला जाणारी एकच तार. बाकीचे लोक तो डबा हातात धरतात. आमच्या घरात तो डाव्या बगलेत धरतात, बरगडीला घट्ट दाबून. याचं कारण सरळ आहे. मेंढ्यांमागे चालताना डाव्या हातात काठी लागते, मग तुणतुण्यासाठी उरते ती बगल. पणजोबांपासून हीच तऱ्हा. दुसरी एक रीत म्हणजे, गाणं संपलं की गाणाऱ्यानं हात पुढं करून तुणतुण्याला शिवायचं आणि तो हात कपाळाला लावायचा. तात्या हे बघून करत नाहीत. डोळे मिटलेले असतात, हात आपोआप अप्पांच्या बगलेकडे जातो.

गेल्या वर्षी अप्पांच्या उजव्या हाताची तर्जनी बिघडली. ती तार छेडायची तर्जनी. थोडा वेळ वाजवलं की सांधा आखडायचा आणि बोट वाकडंच राहायचं, दुसऱ्या हातानं सरळ करावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढत जाणार, जपून वापरा. अप्पांनी जपून वापरणं म्हणजे काय ते ऐकून घेतलं आणि पुढच्या जागरणाला पुन्हा वाजवलं. त्या दिवशी मधेच तार थांबली. तात्यांचा आवाज उघडा पडला. अप्पांनी बोट चोळलं, पुन्हा धरलं, पुन्हा थांबलं. मी तिथं होते.

शेजारच्या गावात तोवर इलेक्ट्रॉनिक पेटीतलं तुणतुणं आलेलं होतं. बटण दाबलं की टिंग टिंग सुरू. तात्यांनी ते एकदा ऐकलं आणि म्हणाले, "माह्या भावाचं तुणतुणं नसंल तर म्या गाणार नाय. देवाला बी कळंल." तात्या हट्टी आहेत; ते म्हणाले म्हणजे गाणार नाहीतच. अप्पांचं बोट गेलं की तात्यांचा गळाही गेला, हा हिशेब घरात सगळ्यांना कळत होता आणि कुणी बोलत नव्हतं.

शेवटी मी बोलले. म्हटलं, बोट चालतंय तोवर तुमचं तुणतुणं रेकॉर्ड करते. संथ लय, मधली, द्रुत, सगळं. जागरणात स्पीकरवर लावू, तात्या त्यावर गातील. अप्पांनी आखडलेलं बोट दुसऱ्या हातानं सरळ केलं. मग म्हणाले, "कर. पर मला माहं वाटलं तर ठिव. न्हाई वाटलं तर म्होरं बसून खोडून टाकायचं. कबूल?" मी म्हटलं कबूल. मनात म्हटलं, माझं कामच आहे ते, न वाटायला काय झालं.

अप्पा स्टुडिओत आले तेव्हा सकाळपासून वर इमारतीच्या गच्चीवर तुणतुणं उन्हात ठेवून आलेले होते. कातडं तापून टणक झालेलं, वर भंडारा माखलेला, तार नवी कोरी. लेकीच्या स्टुडिओत जायचं म्हणजे वाद्य खणखणीत पाहिजे, अशी त्यांची समजूत. आयुष्यभर उघड्या अंगणात, संबळाच्या धडाडाटात वाजवलेला माणूस. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत तार पोचायला हवी, म्हणून जागरणाच्या दिवशी कातडं असंच तापवायचं हे त्यांच्या हाडात बसलेलं. माझ्या घोंगड्यांच्या खोलीत ना संबळ होता ना मागची रांग. मी तारेच्या समोर माईक लावला आणि त्यांनी वाजवलं. ऐकवलं तर स्टीलच्या ताटावर चमचा आपटावा तसं.

अप्पा म्हणाले, "हे माहं न्हाई."

मी म्हटलं, "अप्पा, लोकांना असंच ऐकू येतं. मी लहानपणापासून समोर बसून ऐकत आलेय."

"यीत असंल. म्या आसलं कवाच आइकलं न्हाई."

आता माझ्याकडे इक्वलायझर नावाची सोय असते. कुठलाही आवाज म्हणजे जाड, मध्यम, बारीक अशा अनेक थरांची गोधडी. इक्वलायझरनं त्यातला हवा तो थर वर उचलता येतो किंवा खाली दाबता येतो. तारेचा आवाज कोरडा वाटला, तर खालचे जाड थर जरा उचलायचे, वरचे टोचणारे थर दाबायचे, आवाजात ऊब येते. सतार, व्हायोलिन, गिटार, सगळ्यांवर मी हे केलेलं आहे आणि लोकांनी वाहवा केलेली आहे. मी ऐटीत खालचे थर उचलले, वरचे दाबले, आणि ऐकवलं.

अप्पांनी ऐकलं. म्हणाले, "आता मी रांजणात बसून वाजवतोय."

खरं होतं. सगळं घुमत होतं, तारेचा पत्ता नव्हता. मी पुन्हा फिरवलं. रांजणातून काढलं तर पुन्हा ताटावर चमचा. मला राग आला, कारण चूक माझ्या हातून होत होती आणि अप्पा शांत होते. मी म्हटलं, "तुम्हाला नक्की काय पाहिजे ते सांगा की!" ते म्हणाले, "सांगता आलं असतं तर तुझ्याकडं कामून आलो असतो?" आम्ही दोघंही एका मातीचे, दिवस कलेपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. खालून चहा आला, तोही पाठीला पाठ लावून घेतला.

चहानंतर अप्पा भिंतीला टेकून बसले आणि सहज, कुणासाठीच नाही असं, वाजवायला लागले. ऊन उतरलेलं होतं, कातडंही निवलेलं होतं. मी त्यांच्या डाव्या बाजूला खाली बसले. दमले होते, म्हणून डोकं त्यांच्या कुशीला टेकवलं. आणि माझा कान त्यांच्या बरगडीवर आला.

तिथं दुसरंच तुणतुणं वाजत होतं.

जाडसर, मऊ, आतल्या आत हुंकार भरल्यासारखं. तार होती, पण तिचं टोक कापसात गुंडाळलेलं होतं, आणि तिच्याखाली डब्याचा, कातड्याचा आणि अप्पांच्या छातीचा मिळून एक लांब दमाचा आवाज होता. मला एकदम आठवलं. मेंढ्या होत्या तेव्हाच्या दुपारी. कळप बाभळीखाली बसलेला, अप्पा बांधाला टेकून वाजवतायत आणि मी त्यांच्या कुशीला लागून झोपतेय. ज्या आवाजानं मी झोपत होते तो हा. समोर बसून ऐकलेला तो नव्हताच.

मी ताडकन उठले. म्हटलं, "अप्पा, तुम्ही तुणतुणं कानानं ऐकतच नाही. बरगडीनं ऐकता!"

त्यांनी वाजवणं थांबवलं. बगलेतला डबा काढून हातात धरला, एकदा तार छेडली. पुन्हा बगलेत घातला, पुन्हा छेडली. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी करून पाहिलेलं नव्हतं, करायचं कारणच काय. मग लहान मुलासारखे हसले. "म्हंजी माहं तुणतुणं लोकायनी आइकलंच न्हाई म्हन की."

"मी ऐकलंय," मी म्हटलं. आणि मला जो अभिमान वाटला तो मी शब्दात काय सांगू. जगात दोनच माणसांनी तो आवाज ऐकलेला होता. एकाचं बोट जाणार होतं, आणि दुसरीच्या हाताशी तो आवाज साठवायची सगळी अवजारं होती.

मग मी काम केलं, आणि काम कसं करतात ते दाखवून केलं. कातडं पुन्हा उन्हात जाऊ दिलं नाही. समोरचा माईक काढून मागे, अप्पांच्या कोपराच्या आडोशाला आणला, कारण जे मुळात आत आलंच नाही ते इक्वलायझर कुठून आणणार? अप्पांनी वाजवलं, बोट आखडलं की थांबले, बोट शेकलं, पुन्हा वाजवलं. मग ऐकत शोध सुरू केला. एकेक बारीक थर मुद्दाम खूप वर उचलायचा आणि आवाजभर फिरवायचा. जिथं किंचाळी ऐकू येते तीच बोचरी जागा, तिथं दाबायचं. अप्पांच्या तारेतली किंचाळी तीन हजार हर्ट्झच्या जरा वर सापडली. ऊब दोनशेच्या आसपास होती, पण ती उचलायची किती? याचं उत्तर कुठल्याच आकड्यात नव्हतं. मी अप्पांना वाजवत ठेवायची, कान त्यांच्या बरगडीला लावायची, मग उठून खुर्चीवर यायची, ऐकायची, एक केसभर फिरवायची, पुन्हा बरगडी. खुर्ची ते बरगडी, बरगडी ते खुर्ची. माझ्याबरोबर शिकलेले आज मोठमोठ्या ठिकाणी काम करतात, त्यांच्याकडे माझ्याहून कितीतरी महागडी यंत्रं आहेत. पण बापाची बरगडी समोर ठेवून इक्वलायझर लावलेला माझ्याखेरीज कुणी असेल तर मला येऊन भेटावं.

शेवटी अप्पांना ऐकवलं. ते डोळे मिटून बसले. म्हणाले, "आता कसं. आता घरचं वाटतंय."

मला वाटलं, जिंकले. पण गाणारे तात्या होते.

दुसऱ्या दिवशी तात्या गावाहून आले. पटका, काठी, चेहऱ्यावर आधीच नकार लिहिलेला. मी तुणतुणं लावलं. त्यांनी गाणं उचललं आणि दुसऱ्याच ओळीला सोडून दिलं. "ही कुणाची सतार लावली गं? मला काय झोपायचंय का?" मी समजावलं की हे अप्पांचंच आहे, त्यांच्या आतलं आहे. तात्या म्हणाले, "आतलं त्येच्यापाशी ऱ्हाऊ दे. मला टोक पायजे. संबळ कडाडला की म्या त्या टोकाला धरून चालतो. टोक न्हाई तर म्या पडलो."

अप्पा म्हणाले, "तुला टोचल्याबिगर गाताच येत न्हाई."

"न्हाई येत! जल्मभर तूच टोचलास की मला!"

दोघं भाऊ माझ्या खोलीत भांडायला लागले. एकाला ऊब पाहिजे, एकाला टोक. मी मधे बसून दोघांवर डाफरले आणि गप्प केलं, कारण दोघंही खरं बोलत होते. अप्पा आयुष्यभर स्वतःसाठी एक तुणतुणं आणि तात्यांसाठी दुसरं, असं एकाच तारेवर वाजवत आले होते. बगलेत मऊ, बाहेर टोकदार. मी कालच्या दिवसात त्यातलं एक वाचवलं होतं आणि दुसरं पुसलं होतं. तात्या गाणार नसतील तर रेकॉर्डिंग ठेवून करायचं काय? आणि टोक परत आणल्यावर अप्पांनी "माहं न्हाई" म्हटलं तर समोर बसून खोडायचं कबूल केलेलं होतंच.

मी पुन्हा बसले. काल मी किंचाळी दाबताना फार रुंद पट्टा दाबला होता. किंचाळीबरोबर तिच्या शेजारचं टोकही गेलं होतं. आता तो पट्टा सुईएवढा बारीक केला. फक्त किंचाळी खाली, तिच्यावरचं टोक जिथल्या तिथं. जिथं बोट तारेला लागतं तो टक्, तो मी पुन्हा उघडा केला. मग खालची ऊब कालच्यापेक्षा थोडी कमी केली, कारण टोक परत आल्यावर तिला तेवढं उचलायची गरजच उरली नव्हती. हे असं असतं, एक थर हलवला की बाकीचे सगळे बदलतात. तात्या माझ्या मागे उभे राहून संगणकाच्या पडद्यावरची रेघ बघत होते. "ही रेघ म्हंजी आमचा बाळ्या व्हय?" त्यांनी विचारलं. बाळ्या म्हणजे अप्पा, धाकट्या भावाला ते अजून असंच हाक मारतात. मी म्हटलं, "व्हय तात्या. ही बाळ्याची रेघ."

मग मी दोघांना शेजारी शेजारी बसवलं, जागरणात बसतात तसं. तात्यांच्या उजवीकडे अप्पा. अप्पांचं तुणतुणं कोपऱ्यात कापडात गुंडाळून ठेवलेलं. हात रिकामे. मी स्पीकर अप्पांच्या मागे ठेवला आणि सुरू केलं.

पहिली तार वाजली. तात्यांनी मान हलवली नाही, पण डोळे मिटले. त्यांनी गाणं उचललं. पहिली ओळ, दुसरी, आणि तिसरीला आवाज मोकळा सुटला. माझ्या घोंगड्यांनासुद्धा तो पिता येईना. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी अप्पांकडे बघत होते, कारण ठेवायचं की खोडायचं ही अट त्यांची होती. त्यांचा चेहरा कोराच होता. मला काही कळेना. आणि मग त्यांचा डावा कोपर बरगडीपासून हळूच वर झाला. एका डब्याएवढी जागा बगलेत मोकळी झाली, आणि कोपर पुन्हा खाली आला, ती जागा सांभाळून. उजवी तर्जनी, ती वाकडी झालेली, मांडीवर हलायला लागली. त्यांना स्वतःला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

गाणं संपलं. तात्यांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी नेहमीसारखा हात पुढं केला. तिथं शिवायला काहीच नव्हतं. हात अप्पांच्या बगलेतल्या त्या रिकाम्या जागेत गेला, तिथं टेकला, आणि मग तात्यांनी तो कपाळाला लावला.

अप्पांनी कोपर हलवला नाही. मी पुढच्या गाण्याची लय लावली.